फडावरचे शेजारी

दसऱ्याचे सीमोल्लंघन बहुतेकांच्या बाबतीत आपट्याच्या पानांपुरते उरले असले, तरी बीड, जालना, परभणी, धाराशिव या जिल्ह्यांतील आणि पाथर्डी-शेवगावकडील कित्येक लाख माणसांना ते आजही खरोखरीच करावे लागते. दिवाळीच्या आगेमागे घराला कुलूप घालून, म्हाताऱ्यांना मागे ठेवून, पोरेबाळे, शेळ्या आणि चार भांडी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत रचून ही मंडळी कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे आणि अहिल्यानगरच्या साखर कारखान्यांच्या मुलखात उतरतात, आणि मार्च-एप्रिलमध्ये गाळप संपून कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत आपल्या गावाच्या शिवेवर पाचटाच्या कोप्या घालून राहतात. जो इतका काळ आपल्या विहिरीचे पाणी पितो, आपल्याच दुकानात मीठमिरची घेतो, ज्याच्याकडून आपण गोठ्यातल्या जनावरांसाठी वाढ्यांच्या पेंढ्या विकत घेतो आणि ज्याच्या कोयत्यावाचून आपला ऊस कारखान्याच्या गव्हाणीत पडत नाही, त्याला शेजारी म्हणावयाचे नाही तर कोणाला? तरीही गावाच्या दप्तरात त्याची नोंद नसते, आणि गावाच्या बोलण्यात तो ‘टोळीवाला’ एवढाच असतो.

या शेजाऱ्याला जुने कपडे, उरलेला फराळ किंवा संक्रांतीचा तिळगूळ देणारी सहृदय माणसे गावोगाव आहेत आणि त्यांच्या चांगुलपणाला उणे लेखण्याचे कारण नाही. परंतु या कुटुंबांना जे सर्वाधिक कमी पडते ते सरकारदरबारी आपली बाजू मांडण्याचे स्थान होय. ग्रामसभेचा सभासद तोच, ज्याचे नाव त्या गावच्या मतदारयादीत असते; तोडणीवाल्याचे नाव शेकडो किलोमीटरांवरच्या यादीत असल्यामुळे तो जेथे निम्मे वर्ष राहतो तेथील नळ, दिवा, रस्ता आणि शाळा यांविषयी त्याला अवाक्षर बोलण्याचा अधिकार उरत नाही, आणि जेथे तो अधिकार आहे तेथे या काळात तो हजर नसतो. स्थलांतरित मजुरांसाठी १९७९ साली केलेला कायदाही राज्याची सीमा ओलांडणाऱ्यापुरताच होता. बीडहून बेळगावकडे गेलेल्या मजुराचा त्यात विचार होता. बीडहून कोल्हापूरला आलेला मात्र स्वतःच्याच राज्यात असल्याने त्या कायद्याच्या दृष्टीने स्थलांतरित ठरत नव्हता. आपल्याच भाषेच्या, आपल्याच राज्याच्या माणसाचे जर हे होते, तर झारखंड-ओडिशाहून आलेल्याचे काय होत असेल, याची कल्पना करणे कठीण नाही. अशा माणसाला ज्याची निकड असते ती वस्तू स्थानिक रहिवाशाजवळ आयतीच असते: गावात ओळख, कचेरीत वहिवाट, आणि बोलले तर ऐकले जाण्याचा हक्क. तो हक्क शेजाऱ्यासाठी वापरणे, हेच या बाबतीतले शेजारधर्माचे पहिले कर्तव्य आहे, असे माझे मत आहे.

या व्यवहाराची घडण पाहिली म्हणजे ही निकड अधिक स्पष्ट होते. हंगामापूर्वी टोळी जमविणारा मुकादम कुटुंबाला ‘उचल’, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो आणि ती पुढील सहा महिन्यांच्या तोडणीतून फेडून घ्यावयाची असते. पतिपत्नीची जोडी हिशेबात एकच ‘कोयता’ धरली जाते, उचल बहुधा पुरुषाच्या हाती पडते, आणि डोक्यावर मोळी घेऊन अरुंद फळीवरून गाडीत चढणाऱ्या स्त्रीचे नाव वहीत कोठेच उमटत नाही. एक दिवस काम चुकले की खाडा पडतो आणि त्याचा दंड उचलीत चढतो. म्हणून ताप असो, पाळी असो की बाळंतपण जवळ आलेले असो, पहाटेच्या अंधारात फडावर जाणे टळत नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली २०१९ मध्ये समिती नेमली गेली, तेव्हा अशा शस्त्रक्रिया झालेल्या तेरा हजारांहून अधिक स्त्रिया आढळल्या. तो विषय काही दिवस वृत्तपत्रांत गाजला आणि विरला; फडावरचा खाडा मात्र आहे तेथेच आहे. जुन्नर-संगमनेरकडे तर उसातच बिबट्याचा वावर असतो, आणि पाचटाच्या कोपीला दार नसते.

येथे बागायतदार म्हणेल की, मजूर मुकादमाचा, मुकादम कारखान्याचा. मी मध्ये कोण? या प्रश्नाचे उत्तर त्याच्याच ऊसबिलात लिहिलेले आहे. तोडणी आणि वाहतूक यांचा खर्च कारखाना शेतकऱ्याच्या रास्त व किफायतशीर दरातूनच वजा करतो. म्हणजे कागदोपत्री मालक नसला तरी मजुरीचा खरा दाता शेतकरीच असतो. ज्याच्या पैशातून मजुरी जाते त्याला ती पुरती पोहोचली की नाही हे विचारण्याचा अधिकार आहे, आणि अधिकार आहे म्हणून जबाबदारीही आहे. शिवाय या दोघांचे हित एका ठिकाणी अगदी एकजीव झालेले आहे, आणि ते ठिकाण म्हणजे वजनकाटा. शेतकऱ्याला दर टनावर, तोडणीवाल्यालाही दर टनावर. काटामारी झाली तर एकाच फटक्यात दोघांच्या तोंडचा घास जातो. वैधमापन खात्याच्या पथकाने काटा तपासावा म्हणून शेतकरी संघटना जेव्हा निवेदन देतात, तेव्हा त्याच निवेदनात टोळीला वजनाची पावती दर खेपेस मिळावी, एवढे एक वाक्य घालण्यास काय हरकत आहे? तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढविण्याचा करार २०२४ च्या जानेवारीत झाला. तो मुकादमाच्या वहीपर्यंत पोहोचला की वाटेतच जिरला, हे मजुराला विचारून पाहणारा शेतकरी गावात एक जरी निघाला, तरी हिशेबात फरक पडेल.

शाळेची गोष्ट याहून सोपी आहे, कारण तेथे कायदा निःसंदिग्ध आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २०१० पासून अंमलात आहे. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांचा प्रवेश निश्चित करणे हे त्याने स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य ठरविले आहे, आणि जन्माचा पुरावा किंवा मागच्या शाळेचा दाखला नाही या सबबीवर प्रवेश नाकारता येत नाही. तरीही दहा वर्षांची मुलगी कोपीत धाकट्या भावाला सांभाळत बसलेली दिसते, याचे कारण बहुधा हेच की शाळा कोपीपर्यंत जात नाही आणि कोपी शाळेपर्यंत येत नाही. शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश सभासद पालक असतात. त्यांनी नोव्हेंबरात एकदा मुख्याध्यापकांसह फडावर जाऊन मुलांची यादी केली, मूळ गावच्या शाळेने दिलेले शिक्षण हमी कार्ड पाहिले, आणि कोपीपासून शाळेपर्यंत पोरांना आणण्याची काही सोय लावली, तर निम्मे काम होते. या मुलांना मूळ गावीच ठेवून घेणारी हंगामी वसतिगृहे आणि कारखान्यांच्या आवारातील साखरशाळा यांचे प्रयोग महाराष्ट्राने केले आहेत. ते जेथे टिकले नाहीत तेथे त्यांच्यासाठी भांडणारा स्थानिक माणूस नव्हता, हेही एक कारण असावे. रेशन, अंगणवाडी आणि लसीकरण यांबाबतही कायदा मजुराच्याच बाजूने आहे: शिधापत्रिका आता दुसऱ्या गावच्या दुकानातही चालते, आणि अंगणवाडीची दारे परगावच्या गरोदर स्त्रीला व बालकाला बंद नाहीत. दुकानदाराने ‘तुमच्या गावाला जा’ म्हटले, तर मजूर मुकाट्याने परततो. गावातला माणूस सोबत असला, तर दुकानदारही नियम आठवून पाहतो.

अन्याय उघड जुलमाच्या थराला जातो, तेव्हा मात्र सावधगिरी हवी. उचल फिटली नाही म्हणून कुटुंबाला अडकवून ठेवणे किंवा बाईमाणसाला ओलीस धरणे हा वेठबिगारीचा प्रकार आहे. १९७६ च्या कायद्याने तो गुन्हा ठरविला असून त्यासाठी जिल्हा आणि उपविभाग पातळीवर दक्षता समित्यांची तरतूद केली आहे. तहसीलदाराकडे अर्ज करता येतो, विधी सेवा प्राधिकरणाकडे १५१०० या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो, आणि मूल संकटात असेल तर १०९८ आहे. पण अर्ज लिहिण्यापूर्वी ज्याच्यासाठी लिहावयाचा त्याला विचारणे अगत्याचे आहे. कारण आपण फिर्याद देऊन रात्री स्वस्थ झोपतो, आणि त्याला मात्र पुढच्या वर्षी त्याच मुकादमाच्या दारात उचलीसाठी उभे राहावे लागते. कैवार घेणाऱ्याने आपल्या नैतिक समाधानाचा खर्च दुर्बलाच्या खात्यावर टाकू नये. आधी त्याचे म्हणणे ऐकावे, पावत्या व तारखा टिपून ठेवाव्यात, दोघातिघांच्या साक्षी जमवाव्यात, आणि मग त्याच्या संमतीने पाऊल टाकावे.

दुसऱ्या बाजूची कैफियतही खोटी नाही. वाहतूकदाराकडून लाखोंची उचल घेऊन मुकादम पसार झाला आणि त्या वाहतूकदाराची जमीन गहाण पडली, अशी प्रकरणे पश्चिम महाराष्ट्रात दर हंगामात घडतात. ऊस वाळत चालला असता ‘खुशाली’चे जादा पैसे दिल्याशिवाय टोळी फडात शिरत नाही, ही शेतकऱ्याची तक्रारही अनाठायी नाही. परंतु हे दोन्ही रोग एकाच मुळाचे आहेत: लेखी करार नाही, नोंद नाही, हिशेब नाही, आणि सगळा व्यवहार तोंडी शब्दावर व आगाऊ पैशावर चालतो. कारखान्यांकडून टनामागे दहा रुपये घेऊन मजुरांच्या कल्याणासाठी महामंडळ उभारण्याची योजना याच अव्यवस्थेवर उतारा म्हणून आली. मजुराची नोंद झाली, त्याच्या हाती ओळखपत्र आले आणि मजुरी नवराबायकोच्या निरनिराळ्या खात्यांत जमा होऊ लागली, तर फसविणारा मुकादम आणि अडविणारी टोळी या दोहोंचीही जागा आपोआप आकुंचित होईल. म्हणजे मजुराच्या हक्काची मागणी ही शेतकऱ्याच्याही संरक्षणाची मागणी आहे. आमच्याच गावात गरीब थोडे आहेत काय, असाही एक आक्षेप ऐकू येतो. पण ज्या गावाने परक्याच्या लेकराला अंगणवाडीत बसविण्याची सवय लावून घेतली, त्या गावात घरचे लेकरू उपाशी राहण्याचा संभव वाढत नाही, घटतो.

विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेच्या काठी लोणीला सहकारी साखर कारखान्याचा पाया घातला, आणि १९५० च्या सुमारास तेथे गाळप सुरू झाले, तेव्हा व्यापाऱ्याच्या दयेवर जगणारा ऊस-उत्पादक स्वतः मालक झाला. ती महाराष्ट्राच्या अर्थकारणातील एक थोर घटना होती. परंतु ज्याने ऊस लावला तो सभासद झाला आणि ज्याने तो तोडला तो सभेबाहेर राहिला. सात दशकांनंतरही ती रेघ पुसलेली नाही. ती एका दिवसात पुसणार नाही, पण आजच्या सभासदाच्या हाती एक साधन निश्चित आहे. सहकारी कारखान्याची वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेर, म्हणजे टोळ्या येण्याच्या ऐन तोंडावर भरते. त्या सभेत अहवाल मंजुरीस ठेवला जाईल तेव्हा एका तरी सभासदाने उभे राहून विचारावे की, येत्या हंगामात तळावर पाणी, दिवा, शौचकूप आणि मुलांना शाळेत नेण्याची गाडी यांची काय तजवीज केली आहे, त्यासाठी किती रक्कम राखली आहे, आणि ती कोणाच्या सहीने खर्च होणार आहे. बाकीच्यांनी त्याला अनुमोदन द्यावे, प्रश्न व उत्तर दोन्ही इतिवृत्तात लिहून घ्यावे, आणि उत्तर मिळेपर्यंत अहवालाला मंजुरी देऊ नये.