बंदर होईल, पण छप्पर?

पालघर जिल्ह्याला दिल्लीने काही कमी दिले, असे कोणी म्हणू नये. सप्टेंबर 2017 मध्ये बुलेट ट्रेनची पायाभरणी झाली. मुंबई ते अहमदाबाद 508 किलोमीटर, खर्च लाख कोटींहून अधिक, आणि त्यातले एक स्थानक आमच्या विरारला. 30 ऑगस्ट 2024 ला पंतप्रधान स्वतः पालघरला आले आणि 76 हजार कोटींच्या वाढवण बंदराचे भूमिपूजन करून गेले. जमीन, कर्ज, परवानग्या, कोर्टकचेऱ्या सगळे सरकारने मनावर घेतले. नालासोपाऱ्यातील तुळिंजच्या रहिवाशाचा प्रश्न त्या मानाने किरकोळच म्हणायचा. रात्री ज्या इमारतीत अंग टाकतो, ती सकाळी उभी असेल याची हमी कोण देणार?

हा प्रश्न भीतीपोटी आलेला नाही. 26 ऑगस्ट 2025 च्या रात्री विरार पूर्वेला विजयनगरमधील रमाबाई अपार्टमेंटचा एक भाग कोसळला. 17 माणसे गेली. त्या इमारतीतल्या एका घरात त्याच संध्याकाळी वर्षाच्या मुलीचा पहिला वाढदिवस साजरा झाला होता. ती मुलगीही वाचली नाही. इमारत अनधिकृत होती आणि बांधून जेमतेम 13 वर्षे झाली होती. महापालिका कायदा संरचनात्मक तपासणीची सक्ती करतो ती 30 वर्षांपुढच्या इमारतींना. म्हणजे भेसळीच्या सिमेंटवर रातोरात चढलेले मजले आणखी 17 वर्षे कायद्याच्या लेखी तरुण आणि धडधाकट! अशा इमारती या भागात गल्लोगल्ली आहेत.

ज्यांच्या इमारती कोसळल्या नाहीत, त्यांची गत तरी काय? नालासोपारा पूर्वेच्या अग्रवाल नगरीत न्यायालयाच्या आदेशाने 41 इमारती पाडल्या गेल्या. जागा कचराभूमी आणि सांडपाणी प्रकल्पासाठी राखीव होती. आदेश चुकीचा नव्हता. पण या इमारती काही एका रात्रीत उगवल्या नव्हत्या. त्या उभ्या राहत असताना वसई-विरार महापालिका काय करत होती? सुमारे अडीच हजार कुटुंबे रस्त्यावर आली. ‘2022 पर्यंत सर्वांना घर’ हे वचन 2015 मध्ये दिल्लीनेच दिले होते. ते पाळायचे राहिलेच, वर बेकायदा घर विकणाऱ्यांना रान मोकळे मिळाले. मे 2025 मध्ये ईडीने याच महापालिकेच्या नगररचना विभागातील अधिकाऱ्यावर छापे घातले, तेव्हा नऊ कोटींची रोकड आणि 23 कोटींचे दागिने सापडले. दोष कोणाचा ते न्यायालय ठरवील. त्या पैशातून बेघरांना एक वीट तरी मिळणार का, हे मात्र कोणी बोलत नाही.

या साऱ्या काळात जाब विचारायला नगरसेवकही नव्हता. जून 2020 मध्ये मुदत संपली आणि पुढची साडेपाच वर्षे महापालिकेत प्रशासकाचे राज्य होते. त्यात जनगणनाही रखडली. वसई-विरारची लोकसंख्या सरकारदरबारी अजून 2011 चीच, सव्वाबारा लाख. रेशनचा कोटाही त्याच जुन्या आकड्यांवर बेतलेला. स्टेशनवर सकाळची लोकल पकडणाऱ्याला विचारा, तो हसेल.

लोक चिडले आहेत आणि त्यांचा राग एका पक्षापुरता नाही. खासदार हेमंत सवरा, आमदार राजन नाईक आणि महापालिकेचे नवे कारभारी, तिघांकडेही आमची मागणी एकच आहे. पावसाळ्याआधी प्रभागवार धोकादायक इमारतींची यादी लावा. तपासणीला वयाची अट काढा. घर रिकामे करायला सांगताना जायचे कुठे तेही सांगा. नोटीस चिकटवून हात झटकण्याचे दिवस संपले.