करंगळीला पंधरा ग्रॅमची सूट

गेल्या महिन्यात भाचा टोकियोहून सुट्टीवर आला आणि त्याच्या सामानातून एक कीबोर्ड निघाला. कॉम्प्युटरवर काम करणाऱ्या माणसाने कीबोर्ड बाळगावा यात नवल नाही, पण हा त्याने स्वेटरमध्ये गुंडाळून, दागिना आणावा तसा आणला होता. हातात घेतला तर वजन किलोभराहून जास्त. किंमत विचारली तर म्हणाला, ‘‘मामा, ते राहू दे. आधी टाइप करून बघ.’’

दिसायला त्यात काही नव्हते. आजकाल मुलांच्या टेबलांवर रंगीबेरंगी दिव्यांचे कीबोर्ड दिसतात, तसा एकही दिवा नाही. मंद काळा रंग आणि करड्या कळांवर काळीच अक्षरे, तीही जवळ वाकून पाहिल्याशिवाय दिसू नयेत अशी. सरकारी कचेरीत पंधरा वर्षांपूर्वी घेतलेला असावा, असे वाटण्यासारखा. भाचा म्हणाला, ‘‘आता एक कळ करंगळीने दाब आणि दुसरी मधल्या बोटाने.’’ दाबल्या. दोन्ही सारख्याच सहजपणे खाली गेल्या. मग त्याने त्याच दोन कळा एकाच बोटाने दाबायला सांगितल्या. तेव्हा फरक कळला. करंगळीच्या वाट्याची कळ मुद्दाम हलकी ठेवलेली होती.

हा कीबोर्ड ‘रिअलफोर्स’ या नावाचा. तो बनवणारी टोप्रे ही जपानी कंपनी मुख्यतः मोटारींचे पत्र्याचे भाग दाबून घडवते, शीतवाहनांच्या बंदिस्त पेट्या तयार करते. २००१ पासून तिचे हे कीबोर्ड बाजारात आहेत. सगळ्या कळा एकाच वजनाच्या असलेले नमुनेही ती विकते. पण ज्या नमुन्याने तिचे नाव झाले, त्यात बहुतेक कळा ४५ ग्रॅम वजनाने दबतात, करंगळीच्या बाजूच्या कळा ३० ग्रॅमने आणि चुकून दाबली जाऊ नये अशी कोपऱ्यातली ‘एस्केप’ ५५ ग्रॅमने.

आतली रचनाही जरा वेगळी आहे. आपल्या कार्यालयांतल्या स्वस्त कीबोर्डमध्ये कळांखाली रबराची टोपणे असतात. कळ तळाला टेकली की आतला संपर्क जुळतो आणि अक्षर उमटते. म्हणून प्रत्येक अक्षरासाठी बोट तळापर्यंत न्यावे लागते. मेकॅनिकल म्हणवणाऱ्या कीबोर्डमध्ये प्रत्येक कळीला स्वतःची स्प्रिंग आणि स्वतःचा धातूचा संपर्क असतो. या जपानी कीबोर्डमध्ये रबराचे टोपण आहे आणि त्याच्या पोटात शंकूच्या आकाराची एक छोटी स्प्रिंगही आहे, पण धातूला धातू कुठेच टेकत नाही. स्प्रिंग दबली की तिथली विद्युतधारिता बदलते आणि तेवढ्यावरून यंत्र ओळखते की कळ दाबली गेली. त्यामुळे याला मेकॅनिकल म्हणावे की नाही, यावर शौकीन मंडळींत वाद आहेत. बोटाला मात्र एवढेच कळते की सुरुवातीला किंचित अडते, मग लोण्यात सुरी जावी तसे खाली जाते आणि पटावर सोंगटी ठेवावी तसा दबका आवाज येतो.

पण माझे लक्ष वेधले ते त्या १५ ग्रॅमच्या सवलतीने. त्यामागे शरीराची चांगली जाण आहे. पुष्कळांना ऐकून आश्चर्य वाटते, पण आपल्या बोटांमध्ये बोटे वाकवणारे स्नायूच नाहीत. ते काम करणारे मोठे स्नायू कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागात असतात आणि लांब दोऱ्यांसारख्या कंडरांनी, म्हणजे टेंडनांनी, बोटे ओढतात. कठपुतळीच्या दोऱ्या वर आणि बाहुली खाली, तसाच हा प्रकार. म्हणूनच दिवसभर टाइप करणाऱ्याचे बोट फारसे दुखत नाही, दुखतो तो कोपराखालचा हात. या पाच दोऱ्यांत करंगळीची दोरी सर्वांत बारीक, आणि बोट सर्वांत आखूड. त्यातून कीबोर्डच्या कडेच्या कळा तिच्याकडेच आल्या. कडेला पोहोचायचे म्हणजे मनगट बाहेर वळवावे लागते आणि मनगट वळले की कंडरांवरचा ताण वाढतो.

बरे, कमी ताकदीच्या बोटाला कामही कमी असते, असे नाही. जपानी माणूस कॉम्प्युटरवर बहुधा रोमन अक्षरांतून आपली भाषा लिहितो आणि जपानीत जवळजवळ प्रत्येक व्यंजनामागे स्वर येतो. ‘ए’ ही कळ डाव्या करंगळीखाली असते. मासा या अर्थाचा ‘साकाना’ हा शब्द लिहायचा तर सहापैकी तीन ठोके एकट्या डाव्या करंगळीचे.

आपलेही तसेच आहे. मी मराठी इन्स्क्रिप्टमध्ये लिहितो. त्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला, अशी नीटनेटकी वाटणी आहे. पण च, ट, ज, ड आणि य ही सगळी मंडळी उजव्या करंगळीच्या दारात बसलेली आहेत. ‘घराच्या’, ‘रुग्णाच्या’, ‘सरकारच्या’ यांतला ‘च्या’ लिहून पाहा. चार ठोक्यांपैकी दोन, म्हणजे च आणि य, उजव्या करंगळीचे. मराठीत ‘च्या’वाचून पान हलत नाही. इतकी वर्षे केस-पेपरवरचा मजकूर टाइप करताना माझी उजवी करंगळी का शिणते, याचा उलगडा मला या पाहुण्या कीबोर्डमुळे झाला.

१५ ग्रॅमने असा काय फरक पडतो, असे कुणी विचारील. समजा, दिवसभरात करंगळीने पाच हजार वेळा कळ दाबली. प्रत्येक वेळी १५ ग्रॅम वाचले, तर बेरीज ७५ किलो होते. हे काही पोते उचलण्यासारखे नव्हे आणि शरीराचा हिशेब इतका सरळही नसतो. शिवाय टाइप करणारे लोक गरजेपेक्षा कितीतरी जास्त जोराने कळा बडवतात, असे मोजमापांत आढळले आहे. तरीही कळ जितकी जड, तितका जोर जास्त लागतो हे खरे, आणि छोट्या श्रमांची आवर्तने साठत जातात हेही खरे.

हे जपानने फार पूर्वी आणि महागात शिकून घेतले आहे. साठच्या दशकात तिथल्या बँका आणि मोठ्या कंपन्यांत कॉम्प्युटरसाठी कार्डांवर छिद्रे पाडण्याचे काम चाले. हे काम करणाऱ्या ‘की-पंचर’ बहुतांशी तरुण मुली. दिवसभर यंत्राच्या कळा दाबून त्यांचे हात, खांदे, मान दुखू लागली, बोटे बधिर होऊ लागली. या दुखण्याला जपानी डॉक्टरांनी मान-खांदा-हात अशा अर्थाचे ‘केइकेनवान’ हे नाव दिले. १९६४ मध्ये तिथल्या कामगार मंत्रालयाने नियमच घालून दिले. सलग काम ६० मिनिटांपेक्षा जास्त नको, त्यानंतर १० ते १५ मिनिटे विश्रांती, दिवसभरात कळा दाबण्याचे काम ३०० मिनिटांपर्यंतच आणि एकूण ठोके ४०,००० च्या आत.

हे आकडे मी पुन्हा पुन्हा वाचले. त्यात कुठेही महाग यंत्राचा उल्लेख नाही. वेळ आणि विश्रांती, एवढ्याच दोन गोष्टी आहेत.

इथे मला आमच्या नोंदणी खिडकीवर काम करणाऱ्या एका ताईंची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण त्यात चूक माझी होती. ‘‘सर, उजवी करंगळी बधिर होते,’’ अशी त्यांची तक्रार. सकाळपासून दुपारपर्यंत त्या रुग्णांची नावे, वये, पत्ते टाइप करतात. समोर रांग असल्याने मान वर करायला फुरसत नसते. मी मान तपासली, साखर तपासली, जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या आणि ‘टायपिंगमुळे होत असेल’ असे सांगून मोकळा झालो. महिन्याभराने त्या पुन्हा आल्या. या वेळी करंगळीबरोबर अनामिकाही मुंग्यांनी भरलेली. तेव्हा कुठे मी त्यांच्या खिडकीपाशी जाऊन दहा मिनिटे उभा राहिलो.

टेबल उंच होते, खुर्ची बुटकी. कळांपर्यंत हात पोहोचावा म्हणून त्या उजवे कोपर टेबलाच्या धारदार पत्र्याच्या कडेवर टेकून बसत. करंगळीची संवेदना वाहणारी अल्नर नावाची नस कोपराच्या आतल्या बाजूने, कातडीच्या अगदी खालून जाते. कोपर आपटल्यावर जी झिणझिणी येते, ती हीच नस. ती रोज चार-पाच तास कडेखाली चेपली जात होती. दोष कीबोर्डचा नव्हताच. भाच्याचा कीबोर्ड त्यांना आणून दिला असता, तरी करंगळी बधिरच राहिली असती. आम्ही खुर्चीवर एक जाड उशी घातली, पाय अधांतरी राहू नयेत म्हणून खाली सलाईनचे भरलेले खोके ठेवले आणि टेबलाच्या कडेला जुना टॉवेल गुंडाळला. दीड-दोन महिन्यांत मुंग्या गेल्या. खर्च शून्य. माझ्या गोळ्यांचा खर्च मात्र वाया गेला.

म्हणून हे स्पष्ट सांगतो, की भारी कीबोर्ड घेतल्याने हाताचे दुखणे टळते किंवा बरे होते, याचा भक्कम पुरावा नाही. टाइप केल्याने कार्पल टनेलचा आजार होतो, हा सर्वांच्या तोंडी असलेला समजही वाटतो तितका पक्का नाही. त्या आजारामागे मधुमेह, थायरॉइडची कमतरता, गर्भारपण अशी कारणे पुष्कळदा सापडतात. ती तपासायची सोडून नवे उपकरण घेणे म्हणजे रोग एकीकडे आणि उपाय दुसरीकडे.

मग काय पाहावे? अंगठा, तर्जनी आणि मधले बोट रात्री बधिर होऊन झोपमोड होत असेल, तर मनगटातली नस दबत असण्याची शक्यता असते. करंगळी आणि अनामिका बधिर होत असतील, तर आधी कोपर कुठे टेकते ते पाहा. वस्तू हातातून निसटू लागली, अंगठ्याच्या बुडाचा मांसल भाग बसला किंवा मानेतून हातात कळ येऊ लागली, तर घरगुती उपाय न करता डॉक्टरांना दाखवा. टाइप करताना कोपरे अंगालगत, साधारण काटकोनात असावीत, मनगट वर मुडपलेले नसावे, पाय जमिनीवर टेकलेले असावेत. लॅपटॉपवर रोज कित्येक तास काम असेल, तर तो पुस्तकांवर उंच ठेवून वेगळा साधा कीबोर्ड जोडा. कळा बडवू नका, त्या हलक्या हातानेही ऐकतात. आणि तासाभराने दहा मिनिटे उठा.

हे शेवटचे वाक्य लिहिणे सोपे आहे. खिडकीसमोर दीडशे माणसांची रांग असताना उठणे सोपे नाही. उठली तर रांग ओरडते, नाही उठली तर हात ओरडतो. म्हणून ही गोष्ट एकट्या कर्मचाऱ्याच्या शिस्तीवर सोडून चालणार नाही. जपानने ती मुलींना उपदेश करून सोडवली नाही, कार्यालयांना मर्यादा घालून दिली. आपल्याकडे रुग्णालये, सेतू केंद्रे, बँका, तहसील कचेऱ्या सगळीकडे नोंदी संगणकावर गेल्या. संगणक खरेदी होताना त्यांची गती आणि क्षमता तपासली जाते. टेबलाची उंची कुणी मोजत नाही आणि खिडकीवर पाळीने बसणारे दुसरे माणूस मागितले, तर तो चैनीचा खर्च ठरतो.

भाचा परत गेला, कीबोर्डही गेला. मी पुन्हा माझ्या जुन्या कीबोर्डवर हे लिहितो आहे आणि प्रत्येक ‘च्या’ला करंगळी आपली हजेरी लावते आहे. त्या जपानी यंत्राचा मला हेवा वाटत नाही. ते बनवणाऱ्यांनी कामाला बसण्याआधी एक प्रश्न विचारला होता, की यात सर्वांत अशक्त बोट कोणते आणि त्याचा भार किती हलका करता येईल? खिडकीवरच्या ताईंच्या बाबतीत तो प्रश्न मी पहिल्या भेटीत विचारला नव्हता. आता हात दुखतो म्हणून कुणी आले, की औषध लिहिण्याआधी मी विचारतो, ‘‘तुम्ही कशावर बसता, आणि मध्ये उठायला मिळते का?’’