डिमिटरच्या बाजूने

दिवाळीला लेक बंगळुरूहून आली, तेव्हा तिच्या बॅगेत कपड्यांपेक्षा पुस्तकं जास्त होती. त्यातली एक इंग्रजी कादंबरी माझ्या हातात ठेवून म्हणाली, "आई, वाच. यातली डिमिटर म्हणजे अगदी तू." ग्रीकांची धान्याची देवी ती. देवीशी तुलना झाल्यावर कोणती बाई खूश होणार नाही? रात्री चकलीचा डबा जवळ घेऊन वाचायला बसले आणि थोड्याच वेळात कळलं, की ही डिमिटर आपल्या मुलीला काचेच्या घरात कोंडून ठेवते. चकली घशात अडकायची तेवढी राहिली.

कादंबरीचं नाव 'अ टच ऑफ डार्कनेस'. लेखिका स्कार्लेट सेंट क्लेअर, साल 2019. नायिका पर्सेफोनी ही वसंताची देवी, पण ती हात लावील ते फूल कोमेजतं. आईच्या काचघरातून सुटून ती कॉलेजात शिकते आणि वर्तमानपत्रात उमेदवारी करते. पाताळाचा राजा हेडीस आजच्या जमान्यातल्या शहरात मोठा नाइटक्लब चालवतो. एका पैजेत ती हरते आणि अट पडते, पाताळात जीव उगवून दाखव. पुढे काय होतं ते सांगायला नकोच. काही पानं मी चष्मा काढून उलटली, एवढंच सांगते. घरातल्या शाळकरी मुलींच्या हाती द्यायच्या आधी मोठ्यांनी चाळून बघावं.

अशा कादंबऱ्यांचं सध्या पीकच आलं आहे. लेकीने यादीच सांगितली. पी. सी. कास्ट यांच्या 2004 च्या 'गॉडेस ऑफ स्प्रिंग'मध्ये अमेरिकेतली एक बेकरीवाली बाई पर्सेफोनीच्या जागी पाताळात जाते आणि हेडीसच्या प्रेमात पडते. नायिका चाळिशी ओलांडलेली, त्यामुळे मला ती जवळची वाटली. न्यूझीलंडच्या रेचल स्माइथ यांची 'लोअर ऑलिंपस' ही चित्रकथा 2018 ते 2024 अशी सहा वर्षं इंटरनेटवर चालली. त्यात पर्सेफोनी गुलाबी आणि हेडीस निळा! मॅडलिन मिलर यांची 'सर्सी' (2018) मात्र वेगळ्या तोलाची. होमरच्या काव्यात माणसांची डुकरं करणारी चेटकीण एवढीच तिची ओळख. मिलरबाई तिला बालपण देतात, एकटेपण देतात, मूल देतात. रात्रभर रडणाऱ्या बाळाला घेऊन येरझारा घालणारी देवी मी दुसरीकडे कुठे वाचली नव्हती.

आपल्याला हे नवं नाही म्हणा. इरावतीबाई कर्व्यांचं 'युगान्त' आपल्याकडे कितीतरी घरांत आहे. भैरप्पांचं 'पर्व' आमच्या घरी दोनदा आहे, ह्यांचं कानडी आणि माझं उमा कुलकर्ण्यांच्या मराठी अनुवादातलं. पण भैरप्पांनी देव काढून घेतले आणि माणसं उरवली. ही इंग्रजी मंडळी देवांना देवच ठेवतात आणि त्यांच्या हातात मोबाइल देतात.

तर काचघर मनातून जाईना. खरी डिमिटर अशी होती का, म्हणून मूळ कथा शोधली. होमरच्या नावावर चालणारं, पण त्याचं नसलेलं, सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीचं एक स्तोत्र आहे. पाचशेला पाच कमी एवढ्या ओळी. त्याची एकच हस्तलिखित प्रत उरली, तीही 1777 मध्ये मॉस्कोत सापडली. ती सापडली नसती, तर या बाईची बाजू इतक्या सविस्तर आपल्यापर्यंत आलीच नसती.

त्यात असं आहे. पर्सेफोनी मैत्रिणींबरोबर फुलं तोडत असते. एका अपूर्व फुलाला हात घालते तोच जमीन दुभंगते, हेडीसचा रथ वर येतो आणि तिला ओढून नेतो. ती बापाला हाका मारते. बाप म्हणजे खुद्द झ्यूस, देवांचा राजा. त्यानेच हे लग्न परस्पर ठरवलेलं असतं, आईला न विचारता! डिमिटर हातात मशाली घेऊन नऊ दिवस वणवण फिरते. अन्न नाही, आंघोळ नाही. शेवटी सूर्यदेव हेलिऑस तिला खरं काय ते सांगतो, आणि वर समजूत घालतो, की जावई काही अगदीच वाईट नाही, तुझाच सख्खा भाऊ आहे, मोठ्या राज्याचा मालक आहे.

ही गोष्ट मी शेजारच्या अक्कांना पापड लाटता लाटता कानडीत सांगितली. मामा-भाचीच्या लग्नाचं त्यांना काहीच वाटलं नाही, त्यांच्या माहेरी दोन झाली आहेत. पण हेलिऑसचं बोलणं ऐकून लाटणं थांबवलं. "अळिया छलो अदान, असं सांगणारे सगळीकडे असतातच की," म्हणाल्या. "आईला विचारलं का, ते बोला."

विचारलं नव्हतंच. म्हणून डिमिटर देवलोक सोडते. म्हातारीचं रूप घेऊन एल्युसिस गावच्या विहिरीपाशी बसते. पाण्याला आलेल्या राजाच्या मुली चौकशी करतात, तर थाप मारते: मला चाच्यांनी क्रीटहून माझ्या मनाविरुद्ध उचलून आणलं. लेकीवर गुदरलेलं तिने स्वतःवर घेऊन सांगितलं! इथे मी पुस्तक मिटून थोडा वेळ गॅलरीत जाऊन बसले.

पुढे ती रागाने धरणीत बीच उगवू देत नाही. माणसं उपाशी, म्हणून देवांना नैवेद्य नाही. झ्यूस एकामागून एक देव विनवणीला पाठवतो, नजराणे पाठवतो. ती म्हणते, लेक डोळ्यांनी दिसल्याशिवाय एक अंकुर नाही. शेवटी झ्यूसला हार खावी लागते. शस्त्र न उचलता देवांच्या राजाला नमवणारी ही बाई, आणि नव्या कादंबरीत ती कुलूप लावणारी झाली. मला याचा राग आला. प्रेमकथेला खलनायक लागतो हे कबूल. अपहरण करणाऱ्याला नायक केल्यावर ती जागा रिकामी होते, मग तिथे आईला बसवतात. बाप तर परस्पर सुटतो.

लेकीला फोन करून हे सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आई, या स्तोत्रात पर्सेफोनीला काय हवंय हे कुणी विचारतं का? बापाने नाही विचारलं, तसं आईनेही नाही. ती दोघांच्या भांडणातली वस्तू. या बायका निदान तिला बोलू देतात. मुली त्यासाठी वाचतात."

उत्तर सुचलं नाही. पुन्हा स्तोत्राकडे गेले, आणि डाळिंबाच्या दाण्यापाशी अडखळले.

पाताळातलं काही खाल्लं की तिथे परतावं लागतं. सुटकेचा निरोप येतो तेव्हा पर्सेफोनी आनंदाने उडी मारून उठते. हेडीस तिला सांगतो, इथे तू राणी आहेस, तुझा मान मोठा राहील. आणि डाळिंबाचा एक दाणा तिला देतो. कवी म्हणतो, चोरून दिला. पण घरी आल्यावर आई पहिला प्रश्न विचारते, तिथे काही खाल्लंस का? तेव्हा ती सांगते, त्याने जबरदस्तीने खायला लावलं. दोन्ही हकिकती पुरत्या जुळत नाहीत. कुणाचं खरं, ते कवी सांगत नाही. या सगळ्या प्रेमकथा त्या एका फटीतून उगवल्या आहेत, की दाणा तिने आपणहून खाल्ला असेल तर?

आता मला सांगावंच लागेल. चार वर्षांपूर्वी लेकीची बदली बंगळुरूला झाली. कंपनीने पाठवलं, माझा इलाज नाही, असं ती रडवेल्या चेहऱ्याने म्हणाली होती. मी त्या कंपनीला नाही नाही ते बोलले. गेल्या वर्षी तिची मैत्रीण घरी आली असता सहज बोलून गेली, की बदलीसाठी अर्ज हिनेच दिला होता, दोनदा. मी ते कळल्याचं लेकीला सांगितलं नव्हतं. मनात मात्र धरून होते.

स्तोत्र वाचल्यावर मी तिला विचारलं, "पर्सेफोनी आईशी खोटं बोलली असं तुला वाटतं का?"

फोनवर बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग म्हणाली, "खरं सांगितलं असतं, तर डिमिटरने समजून घेतलं असतं का?"

"नसतं घेतलं," मी म्हटलं. "तेव्हा नसतं."

मग तिने अर्जाचं सगळं सांगितलं. मीही मला ठाऊक होतं ते सांगितलं. दोघी थोड्या भांडलो, थोड्या रडलो. ह्यांनी आत येऊन कानडीत विचारलं, काय झालं? म्हटलं, काही नाही, पुस्तकाबद्दल बोलतोय.

झ्यूसने शेवटी वाटणी केली, वर्षातला एक तृतीयांश काळ पाताळात आणि उरलेला आईजवळ. लेक तवरुमनेला आली की धान्य उगवतं. डिमिटरला आठ महिने मिळाले. मला गणपतीचे चार दिवस आणि दिवाळीचे सहा मिळतात. तक्रार करत नाही, पण हिशेब सांगून ठेवते.

लेकीने त्याच मालिकेचा पुढचा भाग पाठवला आहे. यातही डिमिटर तुला आवडायची नाही, असं बजावलंय. चष्म्याचा नंबर वाढलाय, त्यामुळे हळूहळू वाचते आहे.