गणवेश उतरल्यानंतर

भारतीय सैन्यातील बहुसंख्य जवान पस्तिशी-चाळिशीतच निवृत्त होतात. समाज त्यांना वंदन करतो आणि त्यांच्या हाती सुरक्षारक्षकाचा दंडुका देतो, हे समाजाला भूषणावह नाही. रणगाड्यांची देखभाल केलेला हवालदार कसलेला यंत्रज्ञ असतो. रसद सांभाळलेला सुभेदार गोदाम व वाहतूक समर्थपणे चालवू शकतो. पण अर्जात नुसते हुद्दे लिहिले, तर कंपनीतील अधिकाऱ्याला त्यातून बोध होत नाही. सेवेतील अनुभव उद्योगाच्या परिभाषेत मांडण्यास कृत्रिम बुद्धिमत्ता साहाय्य करते, मुलाखतीचा सरावही करवून घेते. मात्र तिने घातलेली पदरची भर खोडून टाकावी. पलटण, तैनातीचे ठिकाण, शस्त्रसामग्री यांचा तपशील तर तिला कदापि देऊ नये. निवृत्तीपूर्वीच पुनर्वसन महासंचालनालयाचे प्रशिक्षण घ्यावे, नंतर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नोंदणी करावी. केंद्राच्या गट ‘क’ मधील थेट भरतीत माजी सैनिकांसाठी १० टक्के जागा राखीव आहेत, पण त्या सर्वांना पुरणाऱ्या नाहीत. म्हणूनच उद्योजकांनी जवानाचा हुद्दा नव्हे, त्याचे कौशल्य पाहावे. कृतज्ञता भाषणांत नव्हे, नेमणुकीच्या पत्रात दिसली पाहिजे.