जुन्या स्पीकरांना नवा सोबती

मैत्रिणींनो, गेल्या महिन्यातल्या पत्रांत नाशिकच्या एका भगिनीचं पत्र आहे. त्या लिहितात, ‘घरात नवा मोठा टी. व्ही. आला. चित्र सुरेख, पण आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा! घरी जुना ॲम्प्लिफायर, दोन मोठे लाकडी स्पीकर आणि सासऱ्यांचा रेकॉर्ड प्लेअर आहे. दुकानदार म्हणतात, ते सगळं मोडीत द्या आणि नवा होम थिएटर संच घ्या. ह्यांचं आणि मुलाचंही तेच मत. पैसे माझ्या भिशीचे आहेत. काय करू?’

ताई, आधी मोडीत काहीही देऊ नका. नवी सून आली म्हणून कुणी सासूबाईंना घराबाहेर काढतं का?

स्पीकर म्हणजे लाकडी खोकं, लोहचुंबक आणि थरथरणारा पडदा. नीट वापरला तर तो वीस-पंचवीस वर्षं सहज टिकतो. रिसीव्हरचं तसं नाही. टी. व्ही., सेट टॉप बॉक्स, सीडी प्लेअर यांचा आवाज घ्यायचा, मोठा करायचा आणि ज्या त्या स्पीकरकडे धाडायचा, हे त्याचं काम. टी. व्ही.च्या जोडण्या बदलल्या की तो मागे पडतो. म्हणून बदलायचा तर रिसीव्हर बदलावा, चांगले स्पीकर ठेवावेत.

मात्र ते खरोखर चांगले आहेत ना, हे पाहून घ्या. पुढची जाळी काढून पडद्याभोवतीची कड हलकेच बोटाने चाचपा. रबराची कड सहसा टिकते. स्पंजाची असेल तर दमट हवेत तिचा भुगा होतो. तसं झालं असेल तरी घाबरू नका, जाणकार कारागीर कड बदलून देतो. मग स्पीकरच्या पाठीवर ‘ओहम’चा आकडा शोधा. ४, ६ किंवा ८ असेल. हा आकडा जितका कमी, तितकी स्पीकर रिसीव्हरकडून वीज जास्त ओढतो. ४ ओहमचे स्पीकर असतील तर ‘४ ओहम चालतील’ असं माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेलाच रिसीव्हर घ्या. नाहीतर तो तापून मधेच बंद पडतो.

आता वॅटचा प्रश्न. दुकानात पहिला आकडा तोच ऐकवतात. पण मिठाचा डबा मोठा घेतला म्हणून आमटी खारट होत नाही! ५० वॅटचे १०० वॅट केले तर आवाज जेमतेम ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. नेहमीच्या दिवाणखान्याला खरे ५०-६० वॅट भरपूर होतात. ‘खरे’ अशासाठी, की एकच स्पीकर चालू ठेवून, एकाच सुरावर मोजलेला आकडा फुगलेला असतो. ‘दोन चॅनेल एकाच वेळी, २० ते २०,००० हर्ट्झ’ असं लिहिलेला आकडा तेवढा विचारात घ्या.

मग येतं ५.१, ७.२ हे गणित. पहिला आकडा स्पीकरांचा, दुसरा सबवूफरचा, म्हणजे खर्जाच्या आवाजाच्या खोक्याचा. ५.१.२ असा तिसरा आकडा असेल, तर ते छताकडून आवाज देणारे स्पीकर. आपल्या फ्लॅटमधल्या हॉलला ५.१ पुष्कळ झालं. आणि सगळे स्पीकर एकदम घ्यायलाच हवेत असंही नाही. आज रिसीव्हरला तुमचे दोनच जुने स्पीकर जोडा आणि त्याच्या सेटिंगमध्ये मधला व मागचे स्पीकर ‘नाहीत’ असं नोंदवा. मधल्याचा आवाज तो या दोघांत वाटून देतो. पुढच्या भिशीला मधला स्पीकर घ्या, कारण सिनेमातले संवाद मुख्यतः त्यातूनच येतात. सबवूफर आणि मागची जोडी सवडीने. खोक्यात बांधून मिळणाऱ्या तयार संचात ही मुभा बऱ्याचदा नसते. त्याचे स्पीकर त्याच्याच डब्याला चालतात.

जोडण्यांकडे बारीक लक्ष द्या. टी. व्ही.च्या मागे एचडीएमआयच्या एखाद्या सॉकेटवर ‘एआरसी’ किंवा ‘ईएआरसी’ लिहिलेलं असतं. टी. व्ही.चा आवाज त्याच वायरीने रिसीव्हरकडे परत नेण्याची ही सोय. एआरसी २००९ साली आलं, ईएआरसी २०१७ साली. त्याआधीचा जुना रिसीव्हर स्वस्तात मिळाला तरी ही सोय त्यात नसणार. सासऱ्यांच्या रेकॉर्ड प्लेअरसाठी ‘फोनो’ लिहिलेलं सॉकेट पाहा. तबकडीच्या सुईतून अगदी क्षीण आवाज येतो. साध्या सॉकेटात जोडला तर नाट्यगीत कुजबुजल्यासारखं ऐकू येईल. फोनो नसेल तर त्यासाठी छोटा वेगळा डबा मिळतो.

अमेरिकेहून कुणी आणून देतो म्हणालं, तर आधी व्होल्टेज विचारा. तिथलं यंत्र १२० व्होल्टचं असतं, आपल्या घरात वीज २३० व्होल्टची. सरळ लावलं की जळालंच. शिवाय तिथली गॅरंटी इथे सहसा चालत नाही.

आणि एक काटकसरीची गोष्ट. तुम्हाला दोनच स्पीकरवर बातम्या, मालिका नि गाणी ऐकायची असतील, तर रिसीव्हर घ्यायलाच नको. टी. व्ही.च्या ‘ऑप्टिकल’ सॉकेटला डिजिटलचा ॲनालॉग करणारा छोटा डबा लावा आणि तिथून वायर जुन्या ॲम्प्लिफायरच्या ‘ऑक्स’मध्ये न्या. टी. व्ही.च्या आवाजाच्या सेटिंगमध्ये मात्र ‘पीसीएम’ निवडा. खर्च रिसीव्हरच्या मानाने अगदी किरकोळ!

रिसीव्हर घ्यायचंच ठरलं, तर दुकानात जाण्यापूर्वी वहीत एवढं टिपून न्या:

१. स्पीकरचे ओहम आणि शक्य तर मागच्या बाजूचा फोटो.
२. टी. व्ही.वर एआरसी आहे की ईएआरसी.
३. घरात जोडायची सगळी यंत्रं, रेकॉर्ड प्लेअरसकट.
४. हॉलची लांबी-रुंदी आणि कपाटाच्या खणाची उंची व खोली.
५. आपल्या गावात दुरुस्तीची सोय आहे का, हा प्रश्न.

घरी आणल्यावर रिसीव्हर खणात कोंबू नका. वर चार बोटं तरी जागा हवी. वर विणलेला रुमाल किंवा फुलदाणी तर मुळीच नको, त्याला वारा लागतो. वायर जोडताना वीज बंद ठेवा. लाल टोक लालला, काळं काळ्याला, आणि तारेचा एकही सुटा धागा शेजारच्या टोकाला टेकता कामा नये. बऱ्याच रिसीव्हरांसोबत एक छोटा मायक्रोफोन येतो. तो बसायच्या जागी कानाच्या उंचीवर ठेवला की यंत्र खोलीप्रमाणे आवाज जुळवून घेतं. त्या वेळी पंखा बंद आणि कुकर गॅसवरून खाली!

घरात दहावीचा अभ्यास किंवा लवकर झोपणारी वडीलधारी माणसं असतील, तर ‘नाईट मोड’ शोधा. मारामारीचा धडाका खाली येतो, हळू बोलणं वर येतं.

ताई, ही टिपणाची वही ह्यांच्यापुढे आणि मुलापुढे ठेवा. दुकानात प्रश्न मात्र तुम्ही विचारा. तुमच्याकडे काय ठरलं ते जरूर कळवा.