मलिक अंबर पेशवा झाला, मग वेशीबाहेरचा माणूस का नाही झाला?



मागच्या महिन्यात वैजापूरच्या एका अभ्यासिकेत पोरांशी गप्पा चालल्या होत्या. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा एक हुशार मुलगा म्हणाला, "दादा, मलिक अंबर तर गुलाम होता. त्याला कुणी आरक्षण दिलं होतं का? तरी पेशवा झालाच ना? मग आपण कशाला रडत बसायचं?"

मुलगा आपलाच. वाक्य मात्र त्याचं नव्हतं, मोबाईलवरून डोक्यात उतरलेलं होतं. दोन मिनिटांत नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून हा लेख.

आधी माणूस समजून घेऊ. १५४८ च्या सुमारास इथिओपियात जन्मलेलं हे पोर, नाव चापू. लहानपणीच गुलाम म्हणून विकलं गेलं. बगदादच्या मीर कासिमने विकत घेऊन त्याला शिकवलं आणि अंबर हे नाव दिलं. पुढे दख्खनमध्ये निजामशाहीचा पेशवा चंगेज खान याने त्याला घेतलं. चंगेज खान मेल्यावर त्याच्या विधवेने अंबरला मुक्त केलं. काही काळ विजापूरकडे चाकरी करून तो निजामशाहीत परतला. १६०० साली अहमदनगरचा किल्ला मोगलांच्या हाती गेला, तेव्हा याने परांड्याला नवा निजामशहा गादीवर बसवला आणि कारभार स्वतःच्या हाती घेतला. १६१० च्या सुमारास खडकी वसवली, जिला आपण आधी औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर म्हणतो. तिथे नहरीने पाणी आणलं. १६२४ ला भातवडीत मोगल आणि आदिलशाही यांच्या एकत्र फौजेला हरवलं. चिडलेल्या जहांगीरने तर अंबरच्या मुंडक्यावर बाण मारतानाचं स्वतःचं चित्र काढून घेतलं! प्रत्यक्षात तो अंबरला कायमचं नमवू शकला नाही. १६२६ ला अंबर वारला. कबर आपल्याच जिल्ह्यात, खुलताबादला आहे.

कर्तृत्व मोठंच आहे, वाद नाही. प्रश्न असा की हे कर्तृत्व दाखवायला त्याला जागा कशी मिळाली?

एक, मालकाने त्याला शिकवलं. दोन, त्याचा मालक चंगेज खान हा स्वतःच हबशी आणि एके काळचा गुलाम होता, म्हणजे वाट आधीच पडलेली होती. तीन, गुलामी सुटू शकत होती. चार, सुटल्यावर हातात तलवार आणि बुडाखाली घोडा आला, तेव्हा कुणी म्हटलं नाही की तुझ्या सावलीने विटाळ होतो.

आता त्याच काळात गावाच्या वेशीबाहेर राहणारा आपला पूर्वज पाहा. रात्री गाव राखायचा तो. शिवेच्या भांडणात साक्ष त्याची. शौर्य नव्हतं का? होतं. पण त्याला कोण मुक्त करणार? त्याला कुणी विकत घेतलंच नव्हतं! त्याचा मालक एक माणूस नव्हता, अख्खा गाव होता, आणि गावावर धर्माचा शिक्का होता. बिदरच्या बादशहाने महारांना बावन्न हक्क दिले अशी परंपरा सांगते. त्यातले हक्क कोणते? घरोघर भाकर मागण्याचा, सुगीत धान्य मागण्याचा, मेलेलं जनावर नेण्याचा. बाबासाहेबांनी 'द अनटचेबल्स'मध्ये हे नोंदवलं आहे.

गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तुलना करताना बाबासाहेबांनी अस्पृश्यता अधिक वाईट ठरवली, ती याचसाठी. गुलामाला शिकवण्यात मालकाचा फायदा असतो. अस्पृश्याला शिकवण्यात कुणाचाच नसतो. गुलामी संपू शकते. जात जन्मभर सुटत नाही. याचा अर्थ गुलामी चांगली होती असा कुणी काढू नये. आईबापांपासून तोडलेलं, नावसुद्धा हिरावलेलं लेकरू होतं ते.

आणखी एक गोष्ट आपण प्रामाणिकपणे बोलली पाहिजे. अंबरने जमिनीची प्रतवारी करून सारा ठरवला, शेतकऱ्याला दिलासा दिला. पण ग्रँट डफ लिहितो की मोडकळीला आलेली गावगाड्याची व्यवस्थाही त्याने पुन्हा उभी केली. म्हणजे पाटील पाटीलच, कुलकर्णी कुलकर्णीच, आणि महार वेशीबाहेरच. गुलामांचा बाजारही बंद झाला नाही. एक गुलाम सत्तेवर गेला, गुलामी जागेवर राहिली.

म्हणून त्या मुलाला सांगतो: बाळा, मलिक अंबरचा अभिमान जरूर बाळग. खुलताबादला जा, त्याच्या कबरीसमोर उभा राहा. पण त्याचं उदाहरण आरक्षणाच्या विरोधात वापरू नकोस, कारण ते आपल्याच बाजूचं आहे. शिक्षण, हत्यार आणि सुटकेची वाट मिळाली की तळातला माणूस कुठे जाऊ शकतो, हेच ते सिद्ध करतं. आपल्याला या तिन्ही गोष्टी शतकानुशतके नाकारल्या गेल्या. आरक्षण म्हणजे ती नाकारलेली वाट उघडणं. ती भीक नाही.

अंबरने वसवलेल्या त्याच शहरात १९५० साली बाबासाहेबांनी कॉलेज सुरू केलं. अंबर एकटा वर गेला. नागसेनवनातून मात्र मराठवाड्याच्या वाड्यावस्त्यांतली हजारो पोरं शिकून बाहेर पडली. आपल्याला कुणाच्या वाटेने जायचं आहे, ते अभ्यासिकेत बसलेल्या प्रत्येकाने ठरवावं.

जय भीम!