रायफल घेताय? 'ट्विस्ट'पेक्षा काडतुसांचा लॉट तपासा

मध्य रेल्वेत तेव्हा तिकीट तपासनीस असलेल्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचे कांस्य जिंकले. ठाणे, कल्याण-डोंबिवलीत एअर रायफलवर सुरुवात करणाऱ्या मुलांची पुढची पायरी तीच, पॉइंट टू-टू. मग घरात प्रश्न येतो : नळीचा 'ट्विस्ट' किती हवा?

ट्विस्ट म्हणजे पीळ. नळीत आतून स्क्रूसारखे आटे असतात. त्यातून जाताना गोळी स्वतःभोवती फिरते आणि भोवऱ्यासारखी तोल सांभाळते. १:१६ म्हणजे १६ इंचांत एक पूर्ण फेरा. दुसरा आकडा जितका लहान, तितका पीळ घट्ट. एअर रायफलच्या छऱ्याला याची फारशी पर्वा नसते. कमरेत बारीक आणि मागे घेरदार असल्याने हवेची ओढच त्याला सरळ ठेवते.

गोळीचे तसे नाही. ती जितकी लांब, तितकी डगमगण्याची शक्यता जास्त आणि तितका घट्ट पीळ हवा. ब्रिटिश गणितज्ञ ग्रीनहिल यांनी १८७९ मध्ये सोपे सूत्र दिले : व्यासाचा वर्ग गुणिले १५०, भागिले लांबी. पॉइंट टू-टूच्या गोळीचा व्यास ५.६६ मिमी, लांबी साधारण पावणेबारा मिमी. मोबाइलवर करून पाहा. उत्तर ४१० मिमीच्या आसपास, म्हणजे जवळपास १६ इंच!

यात वजन कुठेच नाही. धातू आणि व्यास तोच असेल तर वजनासोबत लांबीही वाढते, म्हणून बॉक्सवरचे 'ग्रेन' पाहून काम भागते. धातू बदलला की फसगत. अमेरिकी एम-१६ रायफलची जुनी ५५ ग्रेनची गोळी सुमारे १९ मिमी होती. नंतरच्या ६२ ग्रेनच्या गोळीत शिशापेक्षा हलके पोलादही आले. वजन १३ टक्क्यांनी वाढले, लांबी मात्र थेट २३ मिमी. १:१२ चा पीळ अपुरा पडला आणि १:७ आला. त्याहून लांब ट्रेसर गोळी हेही त्याचे मोठे कारण.

पॉइंट टू-टूच्या स्पर्धेत हा पेच जवळपास नाहीच. गोळी ४० ग्रेनची, शिशाची. नळ्या बहुतेक १:१६. तरीही वेगळ्या ट्विस्टसाठी जास्त पैसे मोजणे म्हणजे सुटलेल्या गणिताची शिकवणी लावणे.

खरा फरक लॉटचा. एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या काडतुसांचे दोन लॉट एकाच नळीतून वेगळे ग्रुप देतात आणि ५० मीटरवर दहाचे वर्तुळ असते फक्त १०.४ मिमीचे. म्हणून अव्वल नेमबाज रायफल शिकंजात पकडून अनेक लॉट मारून बघतात आणि जमलेला लॉट घाऊक घेतात. डोंबिवलीतल्या एका कुटुंबाला हे झेपणारे नाही. क्लबांनी एकत्र येऊन वरळी किंवा बालेवाडीच्या रेंजवर अशी चाचणी करावी, संघटनांनी त्यासाठी दिवस राखून द्यावेत. तोवर बॉक्सवरचा लॉट नंबर सरावाच्या वहीत स्कोअरशेजारी लिहून ठेवावा. त्याला पैसे लागत नाहीत.